ब्लँकची बाटली

ती बाटली हाताच्या पंज्याएवढी होती. पांढऱ्या प्लॅस्टिकची, रुंद तोंडाची. तिच्यात पाणी होतं, पण ते कुठल्या नदीचं किंवा समुद्राचं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या यंत्रातून सगळे क्षार, सगळे धातू काढून टाकलेलं ते पाणी होतं. तिच्यावर गावाचं नाव नव्हतं, निळ्या पेनची एक आडवी रेघ होती फक्त. तिला आम्ही ब्लँक म्हणायचो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जातात. आई भात करते आणि भात निघालं की त्याच जमिनीत वाल. घर लोधिवलीच्या पलीकडे, नदीपासून चालत दहा मिनिटांवर. मी कर्जतला रसायनशास्त्रात एमएससी करत होते तेव्हा आमच्या सरांनी ग्रुपवर एक सूचना टाकली. समुद्रविज्ञानाच्या एका संस्थेत दोन महिन्यांचं प्रशिक्षण, विषय सागरी भू-रसायनशास्त्र. तो शब्द मी दोनदा वाचला. समुद्राच्या पाण्यात आणि तळाच्या गाळात कुठले धातू किती आहेत, ते कुठून आले आणि कुठे गेले हे शोधायचं शास्त्र, एवढं मला खाली दिलेल्या माहितीवरून कळलं. मी अर्ज भरला. खरं सांगायचं तर सरांनी दोनदा विचारलं म्हणून भरला.

मुलाखत मोबाईलवर होती. आमच्या घरात रेंज टिकत नाही म्हणून मैत्रिणीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले. पलीकडे तिघं होते. त्यांतल्या मॅडमनी विचारलं, "समुद्राशी तुझा काय संबंध?"

मी समुद्र दोनदा पाहिला होता. एकदा शाळेच्या सहलीत आणि एकदा एका लग्नाला गेलो तेव्हा. मी म्हटलं, "आमची नदी जाते तिकडे."

त्या हसल्या. "कुठली?"

मी पाताळगंगेचं सांगितलं. खोपोलीला वीज तयार करून सोडलेलं पाणी तिला मिळतं, त्यामुळे आमची नदी उन्हाळ्यातही आटत नाही. आभाळात ढग नसताना एकाएकी चढते आणि बायका दगडावरचे कपडे उचलून मागे सरकतात. मॅडमनी ते लिहून घेतलेलं मला पडद्यावर दिसलं. माझी निवड त्या दोन वाक्यांवर झाली असं मला अजून वाटतं. मार्क तर माझ्यापेक्षा इतरांचे जास्त असणार.

संस्था दिवसभराच्या प्रवासावर होती. तिथे आम्ही दोघीच प्रशिक्षणार्थी. दुसरी पुण्याची, तिचे आईवडील दोघंही प्राध्यापक. पहिल्या आठवड्यात मॅडमनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की पावसाळ्यानंतर संस्थेचं संशोधन जहाज तीन आठवड्यांसाठी समुद्रात जाणार आहे, त्यावर त्यांच्या गटासाठी विद्यार्थ्याची एक जागा आहे आणि ती आमच्यापैकी एकीला मिळेल. जी जहाजावर जाईल तिला पुढे दोन वर्षं त्यांच्या प्रकल्पात काम असेल आणि त्यातूनच पीएचडीची वाट निघेल. "काम बघून ठरवणार. स्वच्छ काम," त्या म्हणाल्या.

मी घरी फोन केला. बाबांनी आधी विचारलं की जहाजावर बायका असतात का. मॅडम स्वतः जाणार आहेत म्हटल्यावर म्हणाले, "मग ती जागा सोडू नको." एवढंच. माझ्यासाठी एक स्थळ आलेलं होतं आणि बाबांनी त्या लोकांना थांबायला सांगितलं, हे मला नंतर आईकडून कळलं.

स्वच्छ काम म्हणजे काय ते आम्हाला एक महिना शिकवत होते. नदीच्या पाण्यात मँगनीज किंवा तांबं इतकं कमी असतं की आपल्या बोटांचा घाम, अंगठी, वाऱ्यावरची धूळ, यातलं काहीही बाटलीत गेलं तर आकडा नदीचा राहत नाही, आपला होतो. म्हणून बाटल्या आठवडाभर आम्लात बुडवून ठेवायच्या. मग एकात एक अशा दोन पिशव्यांत घालायच्या. आणि तरीही काहीतरी जातंच, म्हणून एक ब्लँक न्यायची. ती शुद्ध पाण्याची बाटली नमुन्यांबरोबर सगळीकडे फिरते, नदीकाठी उघडते, बंद होते, त्याच खोक्यात राहते आणि परत येते. तिच्यात जे सापडेल ती आपली घाण. ती नदीच्या आकड्यांतून वजा करायची. ब्लँक गेली की सगळे नमुने गेले.

मला माझी नदी दिली होती. खोपोलीच्या खालपासून खाडीचं खारं पाणी लागेपर्यंत पाच ठिकाणं. मी बर्फाचं खोकं घेऊन घरी आले. बाबांनी तीन दिवस रजा टाकली. मी मोटारसायकलवर मागे बसायचे, मांडीवर खोकं आणि खांद्यावर बांबू, कारण बाटली बांधायला लोखंडी काही चालत नाही. खालापूरच्या अलीकडे एका पाणवठ्यावर मी हातमोजे घातले तेव्हा कपडे धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले.

"काय गं, डॉक्टरीन झालीस का? नदीला सुई टोचतेस?"

"पानी नेते तपासायला, मावशी."

"ने की, वाईच आमची धुनी पन ने. सायेबांना दाखव."

सगळ्या हसल्या. बाबाही हसले. मला तेव्हा फार बरं वाटत होतं. मी बाबांना पिशवी कशी धरायची ते दाखवत होते आणि ते माझं ऐकत होते, हातमोजे घालून, दोन्ही हात वर धरून.

खोकं आमच्या मधल्या खोलीत, आईच्या पाण्याच्या हंड्यांशेजारी होतं, कारण घरात तिथेच थंड असतं. चौथ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. मी केस विंचरत होते. आईने तोपर्यंत रोजच्यासारखे हंडे रिकामे करून, घासून, भरून ठेवले होते. आमच्याकडे कालचं पाणी आज कुणी पीत नाही. ते झाडांना जातं किंवा गोठ्यात. आलेल्या पाहुण्यासमोर शिळं पाणी ठेवणं म्हणजे त्याचा अपमानच.

आई पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "ती तुजी एक बाटली हाय ना, रेघवाली, ती भरली बघ मी."

मला आधी समजलंच नाही. "भरली म्हणजे?"

"बाकीच्यांवर गावांची नावं लिवलेली, त्यांना नाय हात लावला. ही तू हितं येताना घेऊन आलेलीस. चार-पाच दिस झाले, तेच पानी. मॅडमना शिळं पानी नेनार काय? वतून टाकलं, राखंनं आतनं घासली नि आपल्या हिरीचं ताजं भरलं. दोन-दोन पिशव्यात कोंबून ठेवतेस, ते परत तसंच बांधलं हाय."

ती उभी राहिली. तिला काहीतरी ऐकायचं होतं. आमची विहीर गोड आहे, उन्हाळ्यात आळीतले सगळे तिच्यावर येतात आणि आईला त्याचा अभिमान आहे. मॅडमनी तिचं पाणी चाखावं असं तिला वाटलं असणार.

मी म्हटलं, "बरं केलंस."

मी रागावले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. किंवा रडले असते, किंवा तिथूनच मॅडमना फोन केला असता. त्या म्हणाल्या असत्या, थांब, दुसरी ब्लँक पाठवते, पुन्हा घे नमुने. फार तर पाच दिवस गेले असते. पण मला त्या क्षणी आमचं घर त्यांच्या डोळ्यांनी दिसलं. शेणाने सारवलेली मधली खोली, हंडे, राख आणि त्यात ते पांढरं खोकं. मी त्यांना हे कसं सांगणार होते? पुण्याच्या मुलीच्या घरी कुणी बाटली राखेने घासली नसती. प्रवासभर मी हाच विचार करत होते आणि संस्थेच्या फाटकात पोहोचेपर्यंत मी काय करणार ते ठरलेलं होतं.

दुपारी सगळे जेवायला गेले. मी मागे राहिले. मांडणीवरून आम्लातून काढलेली एक कोरी बाटली घेतली, यंत्राखाली धरून शुद्ध पाण्याने भरली, निळ्या पेनने तिच्यावर आडवी रेघ मारली आणि खोक्यात ठेवली. आईने भरलेली बाटली वसतिगृहाच्या बेसिनमध्ये रिकामी केली. पाणी गेलं तरी मी नळ बराच वेळ चालू ठेवला.

आठवड्याने आकडे आले. माझी ब्लँक जवळजवळ कोरी होती. मॅडमनी गटाच्या बैठकीत माझा तक्ता भिंतीवर दाखवला. "हिने मोटारसायकलवर, घरातल्या खोक्यात नमुने सांभाळले आणि ही तिची ब्लँक बघा. आपल्या जहाजावर इतकी स्वच्छ येत नाही." सगळे माझ्याकडे वळले. पुण्याच्या मुलीची ब्लँक खराब निघाली होती. तिला दिलेल्या खाडीत होडीतून नमुने घेताना तिच्या बाटलीचं झाकण पडलं होतं आणि तिने ते वहीत वेळेसकट लिहून ठेवलं होतं. तिचे नमुने बाद झाले. तिला नमुने घ्यायला पुन्हा जावं लागणार होतं.

त्याच संध्याकाळी मॅडमनी जहाजासाठी माझं नाव पाठवलं. मी घरी सांगितलं. दोन दिवसांत आळीभर झालं. शेजारच्या काकूंनी फोन घेऊन मला विचारलं की जहाजात उलट्या होतात म्हणे, तर आलेपाक करून देऊ का. आई मागून म्हणत होती, "अगो, तिला इचार, मॅडमना पानी कसं वाटलं?"

"चांगलं वाटलं म्हणाल्या," मी म्हटलं.

तरीही मी हे निभावून नेलं असतं असं वाटतं. माझ्याबद्दल हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. मला बोलायला लावलं ते त्या पुण्याच्या मुलीने, आणि तिला ते माहीतही नव्हतं. ती एका सकाळी वही घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"ए, रागावू नकोस हं. तू ब्लँक कशी सांभाळलीस ते मला नीट सांग ना. परवा मी पुन्हा जातेय. अगदी पायरी पायरीने सांग."

मी सांगू लागले. काठावर आधी ब्लँक उघडायची, मग नमुना. ती लिहीत होती.

"घरी खोकं कुठे ठेवलंस?"

"मधल्या खोलीत."

"कुणी उघडलं नाही ना मध्ये?"

"नाही."

तिने लिहिलं, 'कुणालाही उघडू देऊ नये,' आणि त्याखाली रेघ ओढली. "तुझ्या घरचे किती समजूतदार आहेत गं. माझ्या आईने चारदा डोकावून पाहिलं असतं."

ती गेली, आणि दोन दिवस होडीवर माझ्या सांगण्याप्रमाणे राबली. तिची ब्लँक माझ्याएवढी स्वच्छ निघाली नाही. कशी निघेल? चांगली होती, चालण्यासारखी होती. पण ती तक्ता बघत बसली आणि म्हणाली, "माझं कुठे चुकतं तेच कळत नाही." तिचे हात आम्लाने सोलवटले होते.

मी उठून मॅडमच्या खोलीत गेले.

मी त्यांना सांगितलं, पण ज्या क्रमाने सांगितलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी सुरुवात आईपासून केली. म्हटलं, "मॅडम, आमच्या घरी एक चूक झाली. आईने ब्लँक ओतून टाकली आणि विहिरीचं पाणी भरलं. ती शिकलेली नाही मॅडम. तिला काय कळणार. अडाणी आहे." मी ते मोठ्या दुःखाने म्हटलं. त्यांना दया यावी म्हणून म्हटलं. मग शेवटी, घाईने, बाटली बदलल्याचं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "आईंनी तुला हे कधी सांगितलं?"

"त्याच सकाळी."

"स्वतःहून?"

"हो."

"काय ओतलं, कशाने घासलं, काय भरलं, कुठल्या बाटलीला हात लावला नाही, हे सगळं?"

"हो."

"आणि तू मला किती दिवसांनी सांगतेयस?"

मी मोजले. "एकोणीस."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझी वही मागवली, तारखेचं पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवली. आमच्या वहीतलं पान फाडायचं नसतं. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खरं लिहून सही करायची. मी लिहिलं. त्यांनीही सही केली. "नाव मी मागे घेते," त्या म्हणाल्या. "प्रशिक्षण पूर्ण कर. नमुने पुन्हा घेऊन ये. आणि तिला तू स्वतः सांग."

पुण्याच्या मुलीला सांगणं मॅडमना सांगण्याहून कठीण गेलं. ती ऐकून आधी हसली, मग म्हणाली, "म्हणजे माझ्या हातांची चूक नव्हती." मग तोंड फिरवून बसली आणि उरलेले दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. जहाजावर ती गेली. तिने जायलाच हवं होतं.

घरी मी फोनवर सांगितलं की जागा रद्द झाली. हेही खोटंच. नमुने पुन्हा घ्यायला आले तेव्हा मात्र आई पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती, मी शेजारी बसले आणि जमेल तितकं सांगितलं. ते शिळं पाणी नव्हतं, मुद्दाम तसंच ठेवायचं होतं, मग मी बाटली बदलली, मग खोटं बोलले, म्हणून जागा गेली.

आईचे हात थांबले. "म्हंजी माज्यामुळं गेली?"

"नाय गं. माझ्यामुळं. मी लपवलं म्हणून."

"पन मी हात लावला नसता तर?"

मी काही बोलेपर्यंत ती उठली, टरफलं गोळा केली आणि गोठ्याकडे गेली. ती चार दिवस त्या खोक्याजवळून जाताना भिंतीला अंग घासून जायची. हंडे तिने मागच्या पडवीत हलवले. मी माझी साधी प्यायची बाटली ओट्यावर ठेवली तर विचारलं, "ही घासू का, का ऱ्हाऊ दे?" तिने माझ्या कुठल्या वस्तूला हात लावायच्या आधी कधी विचारलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी आमच्याच गावच्या पाणवठ्यावर नमुना घ्यायचा होता. बाबांची पाळी होती म्हणून आई बांबू घेऊन आली. मी तिला हातमोजे दिले, तिने घातले नाहीत. म्हणाली, तूच कर, मी हितं उभी ऱ्हाते. शेजारच्या काकू धुणं घेऊन आल्या होत्या. त्यांनी कपडा आपटता आपटता विचारलं, "काय गं, तुज्या जाजाचं काय झालं? आमी आलेपाक करून बसलो."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "ते ऱ्हायलं. माज्या हातनं चुकलं. तिची बाटली मी इसकटली. पोरीचं काय नाय त्यात."

"अरं देवा," काकू म्हणाल्या. "इतकं शिकवलं नि आपनच..."

आई मान हलवत होती. दोघीतिघी वळून तिच्याकडे बघत होत्या. मी गुडघाभर पाण्यात होते, हातमोजे घातलेले, बाटलीचं झाकण उघडलेलं. नमुना घेताना बोलू नये असा नियम आहे, तोंडातला थेंब उडतो. मी तो नियम पाळला. बाटली बुडवली, भरली, झाकण लावलं, एका पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत. तोवर काकूंनी दुसरं काहीतरी काढलं होतं.

त्या नमुन्यांचे आकडे चांगले आले. ब्लँकही ठीक आली, खरी. माझ्या वहीत आता सगळं बरोबर आहे आणि एका पानावर माझी आणि मॅडमची सही आहे. पण आमच्या आळीत अजून असंच माहीत आहे की पोरगी जहाजावर जाणार होती आणि आईने घालवलं. हे मी कागदावर लिहिलं, पण आळीतलं कुणी हे वाचणार नाही, आईही नाही. ते पाणवठ्यावर, त्या बायकांसमोर, आई उभी असताना तोंडाने सांगायला हवं. मी त्यानंतर तीनदा घरी जाऊन आले. अजून सांगितलेलं नाही.